दूरच्या फाइलीची तारीख

लखनौचे नाव काढले की मराठी वाचकाला प्रथम आठवतात ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या या विद्वानाने १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले. घराण्याघराण्यांतून निरनिराळ्या रीतींनी गाइल्या जाणाऱ्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत बांधल्या. एका ठिकाणी लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी तसेच वाचता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच शहरात कानपूरच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर 'मानक नगर' नावाचे स्थानक आहे. तेथे संगीत नाही. पण एका ठिकाणी लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी तसेच घडावे, हा ध्यास मात्र तेथेही आहे.

मानक म्हणजे प्रमाण, कसोटीचे माप. या वसाहतीला हे नाव मिळाले ते भारतीय रेल्वेच्या 'संशोधन अभिकल्प आणि मानक संघटने'मुळे. रेल्वेच्या माणसांच्या तोंडी तिचे नाव 'आरडीएसओ' असेच असते. देशातील रेल्वे निरनिराळ्या कंपन्यांच्या हाती होती, तेव्हा प्रत्येक कंपनीची इंजिने, डबे आणि पूल आपापल्या धाटणीचे असत. त्यांत एकसूत्रता यावी म्हणून १९३० साली केंद्रीय मानक कार्यालय स्थापन झाले आणि १९५२ साली लखनौत रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र सुरू झाले. १९५७ साली या दोहोंच्या एकत्रीकरणातून आजची संघटना जन्माला आली. रूळ, स्लीपर, डबा, इंजिन, सिग्नल, पुलाचा तुळईखांब, विजेची तार यांपैकी कोणती वस्तू कशी असावी, तिचे माप किती, धातू कोणता, चाचणी कशी घ्यावी, हे येथे ठरते आणि कागदावर उतरते. त्या कागदाला कारखान्यांतून 'ड्रॉइंग' किंवा 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. तेच शब्द आपणही या पाठात वापरू, कारण त्यांना दिलेले संस्कृत प्रतिशब्द प्रत्यक्ष कामावर कोणी उच्चारताना मी तरी ऐकलेले नाहीत.

आता या कागदाचा एक विशेष लक्षात घ्या. तो कधीच अखेरचा नसतो. गाड्यांचा वेग वाढतो, डब्यांचा भार वाढतो, एखादा भाग वारंवार तुटतो असे अनुभवाला येते, मग ड्रॉइंगमध्ये फेरफार होतो. ड्रॉइंगचा क्रमांक तोच राहतो, परंतु कोपऱ्यातील कोष्टकात एक नवी ओळ वाढते. त्या ओळीत फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक असतो. रेल्वेच्या भाषेत हा 'ऑल्टरेशन' क्रमांक होय. नियमपुस्तिकांची रीत थोडी वेगळी. त्यांच्यासाठी शुद्धिपत्रके निघतात. पूर्वी रेल्वेच्या कार्यालयांतून ही शुद्धिपत्रके कात्रीने कापून जुन्या मजकुरावर डिंकाने चिकटवीत. ज्याचे पुस्तक चिकटपट्ट्यांनी फुगलेले, त्याचे पुस्तक खरे, आणि कोरे करकरीत पुस्तक संशयास्पद, असा तो उफराटा न्याय होता.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक फौंड्री आहे. ती रेल्वेसाठी बिडाचे 'इन्सर्ट' ओतते. काँक्रीटच्या स्लीपरमध्ये हा बिडाचा तुकडा रुतवलेला असतो आणि त्याच्या खाचेत रुळाला घट्ट धरून ठेवणारी पोलादी क्लिप बसते. तुम्ही एखाद्या स्थानकावर फलाटाच्या टोकाला उभे राहून खाली पाहिले, तर रुळाच्या दोन्ही अंगांना या वाकड्या क्लिपांची रांग दिसेल. खाच थोडी सैल झाली तर क्लिपची पकड सुटते, आणि थोडी आवळली तर क्लिप बसतच नाही. म्हणजे येथे मिलिमीटरच्या अंशालाही किंमत आहे. फौंड्रीच्या मालकाने वर्षापूर्वी ड्रॉइंग मिळवले, त्यावरून पॅटर्न करून घेतला आणि ओतकाम सुरू झाले. मधल्या काळात मानक नगरात त्या ड्रॉइंगमध्ये फेरफार झाला असेल तर? माल तयार होईल, ट्रकमध्ये चढेल, निरीक्षक येऊन गेज लावील आणि संपूर्ण खेप नापास करील. हे त्यातल्या त्यात बरे. निरीक्षकाच्याही हाती जुनाच कागद असला तर ती खेप रुळाखाली जाईल.

म्हणून लखनौपासून दूर बसलेल्या माणसाचा प्रश्न साधाच पण निकडीचा असतो. मी उतरवून घेतलेल्या कागदानंतर तेथील मूळ कागद बदलला आहे काय?

पूर्वी याचे उत्तर टपालाने येई. आता असे बरेचसे कागद संकेतस्थळांवर फाइलींच्या रूपाने ठेवलेले असतात. सोय झाली खरी, पण तिच्याबरोबर एक नवा घोटाळाही आला. डिंकाने चिकटवलेली पट्टी डोळ्यांना दिसत असे. संकेतस्थळावर जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी फाइल तेथेच ठेवली, तर बाहेरून काहीही दिसत नाही. नाव तेच, पत्ता तोच, दुवाही तोच. आत मात्र दुसरेच माप. मोठी फाइल दर आठवड्याला पुन्हा उतरवून घेऊन जुन्या प्रतीशी पानोपान ताडून पाहणे हा एक मार्ग आहे. तो कोणी फार दिवस चालवू शकत नाही.

सुदैवाने, फाइल न मागताही तिची तारीख विचारता येते. ती कशी, हे पाहण्यापूर्वी इतिहासाच्या दप्तरात जरा डोकावू. पेशवेकालीन पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल की, अशा पत्रावर पुष्कळदा दोन तिथ्या आढळतात. एक पत्र लिहिणाऱ्याने घातलेली आणि दुसरी पत्र पोचल्यावर घेणाऱ्याच्या कारकुनाने नोंदवलेली. या दुसरीला 'पैवस्ती' म्हणत. पुण्याहून निघालेले पत्र उत्तरेत पोचायला अनेक दिवस लागत, तेव्हा लिहिल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस यांत घोळ होणे परवडणारे नव्हते. लढाईच्या बातमीच्या बाबतीत तर मुळीच नाही. संगणकावरही हाच भेद आहे. मूळ फाइल तेथे शेवटची केव्हा बदलली ही एक तारीख आणि तुम्ही ती तुमच्या संगणकावर केव्हा उतरवून घेतलीत ही दुसरी. आपल्या संगणकावर फाइलीच्या नावापुढे जी तारीख दिसते ती पुष्कळदा नुसती पैवस्ती असते, आणि आपण तिलाच मूळ तारीख समजून चालतो. घोटाळ्याचे मूळ बहुधा येथेच सापडते.

आता प्रत्यक्ष रीत. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. आपला संगणक आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाचे नियम 'एचटीटीपी' या नावाने ओळखले जातात. पत्त्याच्या आरंभी ही अक्षरे तुम्ही नेहमी पाहता. आपण एखादे पान किंवा फाइल मागतो तेव्हा सर्व्हर केवळ ती वस्तू पाठवीत नाही. वस्तूच्या आधी काही ओळींचे एक छोटे टिपण धाडतो. पार्सलच्या वेष्टनावर जसा मजकूर असतो, तसेच हे. त्याला 'हेडर' म्हणतात. या टिपणात वस्तू कोणत्या प्रकारची, किती बाइट लांबीची, आज किती वाजता पाठवली, हे असते आणि पुष्कळदा 'लास्ट-मॉडिफाइड' या शीर्षकाची एक ओळही असते. आपल्याला हवी ती हीच. ब्राउझर हे टिपण वाचतो, पण आपल्याला दाखवीत नाही. वेष्टन फाडून टाकून वस्तू तेवढी हातात ठेवणाऱ्या तत्पर नोकरासारखे त्याचे वागणे असते.

नियम घालून देणाऱ्यांनी आणखी एक सोय करून ठेवली आहे. वस्तू मागण्याच्या आज्ञेला 'गेट' म्हणतात. तिच्या जोडीला 'हेड' नावाची आज्ञा आहे. तिचा अर्थ, वस्तू नको, तिचे वेष्टनावरचे टिपण तेवढे वाचून दाखव. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या अधिकृत टिपणीतही 'हेड' आहे आणि 'लास्ट-मॉडिफाइड'ही आहे. २०२२ साली हे नियम नव्याने संकलित झाले, त्यांतही दोन्ही कायम राहिले. संगणकाच्या जगात इतके दिवस न बदललेल्या गोष्टी थोड्याच आहेत.

'हेड' ही आज्ञा देण्यासाठी आपल्याला ब्राउझर सोडून कमांड लाइनकडे, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या ओळीकडे जावे लागते. विंडोज असलेल्या संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. लिनक्स किंवा मॅक असेल तर 'टर्मिनल' उघडा. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, केवळ एक लुकलुकणारी खूण. पहिल्यांदा ही काळी चौकट पाहून मन थोडे बिचकते. पण ती फार आज्ञाधारक असते. आपण जे लिहू तेच ती करते, त्यात पदरचे काही घालीत नाही.

येथे आपण 'कर्ल' नावाचा प्रोग्रॅम वापरणार आहोत. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली तो या नावाने प्रसिद्ध केला आणि तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून तो आधीच घातलेला असतो. मॅकवर आणि बहुतेक लिनक्स संगणकांवरही तो मिळतो. आज्ञा रोमन लिपीतच टंकावी लागते. आपले पुस्तक देवनागरीत असल्यामुळे येथे ती अक्षराअक्षराने सांगतो. प्रथम सी, यू, आर, एल ही चार लहान अक्षरे. मग एक जागा सोडा. त्यानंतर एक आडवी लहान रेघ आणि तिला चिकटून मोठा 'आय'. पुन्हा एक जागा सोडून फाइलीचा संपूर्ण पत्ता. मग एंटर. येथे 'आय' मोठाच हवा. लहान 'आय' टंकलात तर टिपणाबरोबर संपूर्ण फाइलही मागवली जाईल. विंडोजवर 'पॉवरशेल' नावाची जी निळी चौकट असते, तिच्या जुन्या आवृत्तीत कर्ल हे नाव दुसऱ्याच एका आज्ञेला दिलेले आहे. तेथे कर्लपुढे टिंब देऊन ई-एक्स-ई ही अक्षरे जोडावी.

फाइलीचा पत्ता मिळवण्यासाठी संकेतस्थळावरील दुव्यावर माउसचे उजवे बटण दाबून पत्त्याची नक्कल करून घ्यावी. पत्त्यात प्रश्नचिन्हे किंवा इतर विचित्र चिन्हे असतील तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा.

क्षणार्धात आठदहा ओळी उमटतील. पहिल्या ओळीत दोनशे हा आकडा असेल तर फाइल जागेवर आहे असे समजा. चारशे चार म्हणजे ती तेथे नाही. तीनशे एक किंवा तीनशे दोन म्हणजे ती दुसऱ्या पत्त्यावर हलवली आहे. अशा वेळी आज्ञेत आडवी रेघ आणि मोठा 'एल' यांची भर घालावी, म्हणजे कर्ल आपणहून नव्या पत्त्यावर जाऊन चौकशी करतो. चारशे पाच आला तर हा सर्व्हर 'हेड' ही आज्ञा मानीत नाही असा अर्थ. पुढच्या ओळींत 'डेट' ही एक ओळ असते. नवशिके हिलाच फसतात. ही फाइलीची तारीख नव्हे. सर्व्हरने उत्तर केव्हा पाठवले, त्याची ही वेळ. दर वेळी ती बदलणारच. 'कंटेंट-लेंग्थ' म्हणजे फाइलीची लांबी, बाइटमध्ये. आणि 'लास्ट-मॉडिफाइड' या शीर्षकापुढे वार, दिनांक, महिना, वर्ष, तास-मिनिटे-सेकंद आणि शेवटी जी-एम-टी ही तीन अक्षरे. ही ओळ वहीत उतरवून घ्या.

त्या तीन अक्षरांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. जगातील कोणताही सर्व्हर असो, लखनौचा असो की लंडनचा, ही वेळ ग्रिनिचचीच द्यावी असा नियम आहे. आपली प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. उदाहरणार्थ, उत्तरात सोमवार, ३१ मार्च २०२५, २० वाजून १५ मिनिटे असे आले, तर भारतात तेव्हा मंगळवार, १ एप्रिलची पहाट, १ वाजून ४५ मिनिटे झालेली होती. वार बदलला, महिना बदलला आणि आर्थिक वर्षही बदलले. निविदेच्या किंवा करारनाम्याच्या कामात हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

प्रमाणवेळेचा प्रश्न रेल्वेला नवा नाही. गावोगावच्या घड्याळांची वेळ निरनिराळी असताना गाड्यांचे वेळापत्रक छापायचे कसे, या अडचणीतून एका वेळेची गरज पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली ती रेल्वेलाच. पूर्व रेखांश साडेब्याऐंशी अंशांवर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, तरी मुंबईत पुष्कळ ठिकाणी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई टाइम' घड्याळे दीर्घकाळ चालत राहिली. घड्याळ बिनचूक असूनही माणूस गाडीला उशिरा पोचे, कारण ते घड्याळ कोणत्या वेळेचे हे तो पाहत नसे. जी-एम-टी न पाहता तारीख वाचणारा माणूस आज तेच करतो.

टिपण वाचता येऊ लागले की पुढची पायरी सोपी. दर वेळी तारीख पाहून आपल्या वहीतल्या तारखेशी ताडून पाहण्याचे काम आपण कर्लवरच सोपवू शकतो. एचटीटीपीत सशर्त मागणीची तरतूद आहे. आपण सर्व्हरला म्हणतो की, अमुक तारखेनंतर ही फाइल बदलली असेल तरच पाठव. बदलली नसेल तर सर्व्हर तीनशे चार एवढाच आकडा उत्तरादाखल धाडतो, म्हणजे 'बदल नाही', आणि फाइल पाठवीतच नाही. कर्लमध्ये यासाठी आडवी रेघ आणि लहान 'झेड' वापरतात, आणि तिच्यापुढे तारीख किंवा आपल्याकडील जुन्या प्रतीचे नाव देतात. नाव दिले तर त्या प्रतीची तारीख कर्ल आपणहून पाहतो. म्हणूनच फाइल पहिल्यांदा उतरवून घेतानाच आडवी रेघ आणि मोठा 'आर' घालण्याची सवय ठेवावी. त्यामुळे आपल्या प्रतीवर मूळ फाइलीची तारीख लागते. तो घातला नाही तर तेथे पैवस्ती चढते. 'डब्ल्यूगेट' नावाचा असाच दुसरा प्रोग्रॅम मूळ तारीख आपणहून जपतो. त्याला आडवी रेघ आणि मोठा 'एन' दिला की तो फाइल नवी असेल तरच उतरवतो. लिनक्सवर काम करणारे पुष्कळजण यालाच पसंती देतात.

हे झाले सर्वांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळाचे. आपल्याला दूरच्या संगणकावर काम करण्याचा अधिकारच असेल, उदाहरणार्थ आपल्या कचेरीचा सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल, तर 'एसएसएच' या सुरक्षित मार्गाने तेथे प्रवेश करून 'स्टॅट' ही आज्ञा आणि फाइलीचे नाव द्यावे. लिनक्सवर पुढील तीन वेळा पाहाव्या. 'अ‍ॅक्सेस' म्हणजे फाइल शेवटची कोणी उघडून वाचली ती वेळ. 'मॉडिफाय' म्हणजे आतला मजकूर बदलला ती वेळ. 'चेंज' या तिसऱ्या शब्दाने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. तो मजकुराविषयी नाही. फाइल कोणाच्या मालकीची, ती कोणी वाचावी, तिचे नाव काय, यांसारख्या नोंदी बदलल्या तरी ही वेळ बदलते. आपल्याला हवी ती मधली. येथे वेळेच्या अखेरीस अधिक चिन्ह आणि ०५३० असे दिसले तर ती भारतीय वेळ समजावी. म्हणजे येथे साडेपाच तास पुन्हा मिळवायचे नाहीत.

आता या तारखेवर विश्वास किती ठेवावा? माझे मत असे की, तिला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. तिची साक्ष तीन प्रकारे खोटी ठरू शकते. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना निष्काळजीपणाने नकला केल्या, तर हजारो फाइलींवर एकाच दिवसाची तारीख चढते आणि आतील अक्षरही बदललेले नसते. म्हणून पुष्कळ फाइलींची तारीख एकाच दिवसाची दिसली तर घाबरून जाऊ नये. उलटही घडते. तारीख हाताने मागे-पुढे करता येते. लिनक्सवरील 'टच' ही आज्ञा त्याचसाठी आहे, आणि तिचे प्रामाणिक उपयोगही पुष्कळ आहेत. तिसरी गोष्ट अशी की, काही पाने आधीपासून तयार नसतात. मागणी आल्यावर सर्व्हर ती त्या क्षणी रचतो. अशा पानाच्या टिपणात 'लास्ट-मॉडिफाइड' बहुधा नसतेच, आणि असलेच तर ते आत्ताच्या क्षणाचे असते. ओळ न आढळणे म्हणजे फाइल बदलली नाही असे मात्र नव्हे. साक्षीदार हजर नाही, इतकाच त्याचा अर्थ.

अशा वेळी दोन उपाय हाताशी असतात. टिपणात 'ई-टॅग' नावाची ओळ असेल तर तिच्यातील अक्षरमालिका जपून ठेवावी. सर्व्हरने फाइलीच्या त्या रूपाला दिलेली ती खूण असते, आणि फाइल बदलली की तीही बदलते. दुसरा उपाय अधिक खात्रीचा. फाइल उतरवून घेऊन तिचा 'हॅश' काढावा. लिनक्सवर 'एसएचए-२५६-सम' आणि विंडोजवर 'सर्टयूटिल' हे काम करतात. संपूर्ण फाइलीतून ६४ चिन्हांची एक मालिका निघते. आतील एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी ही मालिका पार बदलून जाते. जुन्या आणि नव्या प्रतीच्या मालिका तंतोतंत जुळल्या, तर तारीख काहीही म्हणो, मजकूर तोच आहे असे निःशंक समजावे.

आणि ड्रॉइंगच्या बाबतीत निर्णायक शब्द कोणाचा, हेही स्पष्ट असावे. फाइलीची तारीख ही संगणकाची नोंद. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील फेरफाराचा क्रमांक आणि त्याखालची सही ही मानक नगराची नोंद. अधिकार दुसऱ्या नोंदीला. पहिलीचा उपयोग इतकाच की, ती दारावर थाप मारते. उठून दार उघडायचे आपण.

हे मी जरा अधिकारवाणीने सांगतो आहे, कारण ही थाप न ऐकल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकाची मुद्रिते आम्ही तिघेजण तपासत होतो. फाइल एका सामायिक जागी ठेवलेली असे. मी ती एका शुक्रवारी घरी उतरवून घेतली, शनिवार-रविवार बसून मोठ्या कष्टाने दुरुस्त्या केल्या आणि सोमवारी परत ठेवली. मधल्या शनिवारी दुसऱ्या सहकाऱ्यांनी त्याच फाइलीत एका पाठाचा संपूर्ण शेवट बदलला होता. माझ्या फाइलीखाली तो गाडला गेला. माझ्या संगणकावर तारीख दिसत होती ती अर्थात माझ्या दुरुस्त्यांची, म्हणजे सर्वांत ताजी. त्यामुळे मला संशयही आला नाही. छापखान्यात जुना शेवट गेला. पुस्तक हाती आल्यावर त्या सहकाऱ्यांनी ते पान उघडून माझ्यापुढे ठेवले आणि काहीच बोलले नाहीत. सोमवारी सकाळी फाइल परत ठेवण्यापूर्वी तेथील तारीख मी एकदा विचारली असती, तर शनिवारचा बदल एका ओळीत समोर आला असता.

तुमच्यापैकी पुष्कळजण नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकता आणि अभ्यासकेंद्र अनेकांच्या घरापासून दूर असते. परीक्षेचे वेळापत्रक, प्रवेशाच्या सूचना, अभ्यासक्रमातील बदल हे सारे फाइलींच्या रूपानेच तुमच्यापर्यंत येते. महिन्यापूर्वी सायबर कॅफेतून छापून आणलेले वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते आणि मूळ फाइल दरम्यान बदललेली असू शकते. छापताना कागदाच्या मागे दोन्ही तारखा लिहून ठेवा, मूळ फाइलीची आणि छापल्याची. परीक्षेच्या आठवडाभर आधी मोठ्या 'आय'ची आज्ञा देऊन पाहा. पहिली तारीख जुळली नाही तर नवी प्रत काढा.

शिरोलीच्या त्या फौंड्रीकडे पुन्हा जाऊ. समजा, तिच्या मालकाने लागणाऱ्या बारा ड्रॉइंगांचे बारा पत्ते आणि त्यांपुढे कर्लची आज्ञा अशा बारा ओळी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवल्या आहेत. दर सोमवारी भट्टी पेटवण्यापूर्वी त्याची मुलगी ती फाइल चालवते. मिनिटभरात बारा तारखा उमटतात. ती त्या मागील सोमवारच्या तारखांशी बोट ठेवून ताडते. अकरा जुळतात. सातवी जुळत नाही. ती खाली जाऊन त्या एका भागाचा पॅटर्न आज बाजूला ठेवायला सांगते, वर येऊन ड्रॉइंग उतरवून घेते आणि पडद्यावर उजवीकडचा खालचा कोपरा मोठा करून पाहते. कोष्टकात एक ओळ वाढलेली आहे.